तुमची सुट्टी, त्यांचा मंगळवार

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार,

आम्ही दोघंही यंदा नोकरीतून निवृत्त झालो. इतकी वर्षं सुट्टी म्हणजे चार दिवसांची धावपळ असायची. आता तीन आठवडे स्वतःच्या गाडीने, कुठलीही घाई न करता, रमतगमत फिरायचं ठरवलंय. इथपर्यंत आमचं एकमत आहे. पुढे भांडण. ह्यांनी वाटेवरच्या ओळखीच्या घरांची यादी काढली आणि ती सतरा घरांची झाली! त्यात ह्यांच्या ऑफिसातले सात जुने सहकारी, सासऱ्यांचे एक ब्याऐंशी वर्षांचे स्नेही, पंचवीस वर्षांत मी जिला भेटलेले नाही अशी शाळेतली मैत्रीण, मुलीच्या सासरची मंडळी, आणि गेल्या वर्षी जिच्याशी थोडं बिनसलं ती माझी मावसबहीण. बाकीचे असेच घरोब्याचे. "आपली माणसं असताना लॉजवर पैसे कशाला घालवायचे?" असं ह्यांचं म्हणणं. शिवाय आधी न कळवता दारात उभं राहून सगळ्यांना चकित करायचं, हीदेखील ह्यांचीच कल्पना. माझे गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं, परक्या घरात झोप लागत नाही. हे बोलून दाखवलं की मी माणूसघाणी ठरते. आणि ज्यांच्याकडे जाणार नाही त्यांना आमचे फोटो पाहून कळणारच. त्यांना काय सांगायचं?

— एक गोंधळलेली वाचक

उत्तर

ताई, माणूसघाण्या बाईला शाळेतली मैत्रीण पंचवीस वर्षांनी आठवत नाही. तेव्हा तो शब्द आधी डोक्यातून काढून टाका. तुमचे पतीही चुकीचे नाहीत. त्यांना माणसं हवी आहेत आणि निवृत्तीनंतर ती भूक वाढते. फक्त त्यांनी यादी केली ती घरांची, तासांची केलीच नाही.

ते गणित कागदावर मांडून दाखवा. "तासाभरासाठी डोकावून येऊ" म्हणतो आपण, पण मोठा रस्ता सोडून आत वळायचं, घर शोधायचं, गाडी लावायला जागा शोधायची. मग बसायचं, बोलायचं. "चला, निघतो" म्हटल्यावर प्रत्यक्ष उठेपर्यंत वीस मिनिटं, दारात पंधरा, गाडीच्या काचेशी आणखी दहा, आणि पुन्हा मोठ्या रस्त्याला लागायचं. तासाची भेट अर्धा दिवस खाते. सतरा घरं म्हणजे साडेआठ दिवस, एकवीसपैकी. उरलेल्या वेळात गाडी चालवायची, झोपायचं, कपडे धुवायचे. रमतगमत कधी?

पण माझ्या मते खरी अडचण तासांच्याही अलीकडे आहे. तुमची सुट्टी आहे, त्यांची नाही. तुम्ही मंगळवारी दुपारी मोकळ्या मनाने कुणाच्या तरी दारात उतरता, तेव्हा त्या घरात नेमका मंगळवार चाललेला असतो. कुणाची ऑनलाइन मीटिंग, कुणाची परीक्षा, नळदुरुस्तीवाला यायचाय, आजारी सासूबाईंचं औषध अकराला. तुम्हाला कसलीच घाई नाही ही गोष्ट तुमच्यासाठी सुखाची आहे, यजमानांसाठी ती थोडी धास्तीची असते, कारण घाई नसलेला पाहुणा कधी उठेल ते सांगता येत नाही. मी पुढे जे काही सुचवते आहे ते सगळं यातूनच येतं.

यादीपासून सुरुवात करू. "कुणाला वाईट वाटेल?" या प्रश्नाने यादी कधीच लहान होत नाही, ती सतराची बावीस होते. दुसरा प्रश्न विचारा: हे घर वाटेवर नसतं, तरी आपण वाट वाकडी करून गेलो असतो का? दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता खुणा करा. दोन्ही कागदांवर खूण असलेली नावं पक्की. एकाच कागदावर असेल तर ज्याची खूण त्याने जावं, दुसऱ्याने तेवढा वेळ लॉजवर पाय पसरून पडावं. यात कुणाचाही अपमान नाही. आणि जिथे एकही खूण नाही, त्या घरी केवळ ते हायवेपासून चार किलोमीटरवर आहे म्हणून जाणं म्हणजे भोज्याला शिवून येणं. त्यांनाही ते कळतं. अशा लोकांना परत आल्यावर एखाद्या रविवारी निवांत फोन केलात तर तो त्या वीस मिनिटांच्या उभ्या भेटीपेक्षा कितीतरी बरा.

सात सहकाऱ्यांचा प्रश्न सगळ्यांत सोपा आहे आणि तो सोडवला की यादी दहा घरांवर येते. सात घरी सात वेळा जाऊन त्याच सात गोष्टी सांगण्यापेक्षा, त्यातले जास्तीत जास्त जण ज्या शहरात राहतात तिथे एक दुपार ठरवा. बाहेर, एखाद्या साध्या ठिकाणी, जिथे तीन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. कुणाच्या घरावर भार नाही, लांबचा एखादा तिकडे येऊन सामील होऊ शकतो, आणि एकमेकांना वर्षानुवर्षं न भेटलेले हे लोक तुमच्या निमित्ताने भेटतात. बिल कोण देणार ते आमंत्रण देतानाच सांगून टाकायचं, म्हणजे काउंटरवर हातघाई होत नाही. आणि ताई, तुम्ही त्या बैठकीला अर्धा तास जा, सगळ्यांशी बोला आणि उठा. त्यानंतर जुने साहेब, जुन्या बदल्या आणि कुणाचं प्रमोशन कुणी अडवलं हे सुरू होणार आहे. त्यात तुम्ही नसलात तर त्यांना अधिक मोकळं बोलता येईल.

आता ब्याऐंशी वर्षांचे काका. तुमच्या संपूर्ण यादीत ही एकच भेट अशी आहे जी मी कशासाठीही पुढे ढकलणार नाही. मात्र ती नीट करायची.

फोन काकांना करण्याआधी त्यांची काळजी घेणाऱ्या माणसाला करा. मुलगा, सून, मुलगी, मदतनीस, जे कोणी असेल ते. दिवसाच्या कुठल्या वेळी ते ताजेतवाने असतात ते विचारा. म्हाताऱ्या माणसांची एक वेळ असते, तिच्या आधी अंघोळ-औषधं चाललेली असतात आणि नंतर डुलकी. त्या वेळेत पाऊण तास बसलात तर पुष्कळ. ऐकायला कमी येत असेल तर टीव्ही बंद करायला सांगा. कानाचं यंत्र तुमच्या आवाजाबरोबर टीव्हीचाही आवाज मोठा करतं. खिडकीला पाठ करून बसू नका, कारण मग तुमचा चेहरा त्यांना काळोखा दिसतो आणि ओठांच्या हालचालीवरून मिळणारी मदत जाते. उजेड तुमच्या तोंडावर पडला पाहिजे. ओरडून बोलण्यापेक्षा सावकाश बोला, आणि दोघांनी एकदम बोलू नका. ही शेवटची अट नवरा-बायकोंना फार जड जाते.

आणि सोबत एक जुना फोटो न्या. मोबाइलमधला नको. मोबाइल हातात दिला की बोट लागून भलतंच काहीतरी उघडतं, मग तुम्ही तो परत घेता, नीट करून देता, आणि तोवर आठवण निसटते. सासऱ्यांचा आणि त्यांचा एकत्र फोटो असेल तर तो मोठ्या आकारात छापून घ्या, कागद चकाकी नसलेला, म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब पडत नाही. तो त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. "हे कोण ओळखलंत का?" अशी तोंडी परीक्षा घेऊ नका. ते स्वतःच एका चेहऱ्यावर बोट ठेवतील आणि सुरू होतील. तुमच्या पतींना स्वतःच्या वडिलांबद्दल अशा गोष्टी ऐकायला मिळतील ज्या घरात कुणी कधी बोललंच नाही, कारण त्या मित्रांपुरत्याच होत्या. काकांची हरकत नसेल तर फोनवर आवाज रेकॉर्ड करा. जी नावं ते सांगतील ती घरच्या मूळ फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाईही पाझरू शकते. छापलेली प्रत त्यांच्याकडेच राहू द्या.

शाळेतल्या मैत्रिणीबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत, पण मला वाटतं तुमचं मन तिथेच आहे आणि धीर होत नाहीये. "इतक्या वर्षांनी काय म्हणून फोन करू? तिला वाटेल, काहीतरी काम असेल." हा अंदाज बहुधा चुकतो. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं: आपण होऊन संपर्क साधणारा माणूस, समोरच्याला त्याचं किती अप्रूप वाटेल हे सहसा कमीच धरतो. आणि संपर्क जितका अनपेक्षित, तितकं ते अप्रूप जास्त. तुमच्या पतींना लोकांना चकित करायचंच आहे ना? मग फोनने करा, मेसेजने करा. ध्यानीमनी नसताना आलेला मेसेज माणूस हातातलं काम संपवून, चेहरा नीट करून, सवडीने वाचू शकतो. दारात उभ्या असलेल्या जोडप्याला "पाच मिनिटांनी बघते" म्हणता येत नाही. न सांगता गेल्यावर दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यात आनंद किती आणि घरातला पसारा आठवून पोटात आलेला गोळा किती, हे तुमच्या पतींना तिथे कळणार नाही, कारण तो माणूस सभ्य आहे.

मैत्रिणीला पहिल्यांदा बाहेर भेटा, घरी नको. एखादी बाग, एखादं बसायचं ठिकाण, दीड तास. आणि पहिली भेट तुम्ही दोघीच. नवऱ्यांना त्या शाळेतलं काही ठाऊक नसतं; ते बिचारे सौजन्याने हसत राहतात आणि आपण त्यांना प्रत्येक नाव समजावत बसतो. त्या दीड तासात तुमच्या पतींनी गाडीत इंधन भरून घ्यावं. भेट रंगली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटता येईल, तेवढी जागा वेळापत्रकात मोकळी सोडा. नाही रंगली तरी दीड तासच गेला. पंचवीस वर्षांत दोघीही बदलल्या असणार आणि एखादी भेट थंड निघाली तर त्यात कुणाचा दोष नसतो.

फोनवर काय बोलायचं यावर थोडं लिहिते, कारण इथेच लोक अडतात. "तुम्ही घरीच आहात ना बुधवारी?" हा प्रश्न सापळा आहे. "हो" म्हटलं की माणूस अडकला. त्याऐवजी सगळं एकदम सांगा: "बुधवारी आम्ही तुमच्या बाजूने जातोय. मुक्कामाची सोय झालेली आहे. सकाळी साडेदहा ते बारा भेटायला आवडेल, जेवायला मात्र थांबणार नाही. त्या दिवशी जमत नसेल तर अगदी मोकळेपणाने सांगा, परतीच्या वाटेवर पुन्हा विचारीन." यात त्यांना चार गोष्टी एका दमात कळल्या: राहणार नाही, जेवणार नाही, कधी उठणार, आणि नकार द्यायला वाट आहे. हे आधी मेसेजने पाठवा आणि फोन नंतर करा. मेसेजवर विचार करता येतो, घरच्यांना विचारता येतं, फोनवर तोंडातून भिडेने "हो हो, याच!" निघून जातं. आदल्या दिवशी पुन्हा एकदा खात्री करा.

लांबच्या प्रवासात पोहोचण्याची नेमकी वेळ देणं धोक्याचं असतं. साडेदहा म्हणालात आणि टायर पंक्चर झाला, की तिकडे लोक ताटकळतात आणि इकडे तुम्ही वेग वाढवता. "साडेदहा ते अकराच्या मध्ये" असं सांगा. जवळ आलात की शेजारी बसलेल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवावं. पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे पर्याय असतात, त्यातला एक तासाचा पुरतो. मग "कुठपर्यंत आलात?" म्हणून दर दहा मिनिटांनी येणारे फोन बंद होतात आणि गाडी चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर राहतं. येण्याची वेळ अशी सैल ठेवा. जाण्याची मात्र घट्ट ठेवा, आणि ती बसता बसताच सांगून टाका. "बाराला निघायचंय आम्हाला."

हे मी उगाच शिस्त म्हणून सांगत नाही. अ‍ॅडम मॅस्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शेकडो संभाषणं तपासली होती. दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपलेली संभाषणं निघाली साधारण दोन टक्के. बाकी सगळीकडे कुणाला तरी आधी उठायचं होतं किंवा कुणाला तरी अजून बसायचं होतं, आणि दोघंही मनातलं लपवत होते. म्हणजे "ते कंटाळलेत की आग्रह खरा आहे?" हे चेहरा वाचून ओळखण्याच्या भानगडीत पडूच नका. घड्याळ आधीच जाहीर केलेलं असलं की उठताना कुणालाच अभिनय करावा लागत नाही. बारा वाजले की पाय उंबऱ्याबाहेर पडले पाहिजेत; "बाराला निघतो" म्हणून साडेबारापर्यंत दारात उभं राहणाऱ्यांची पुढची अट कुणी खरी धरत नाही.

मुक्कामाच्या बाबतीत मी सरळ तुमच्या बाजूने आहे, आणि ह्यांना पटवायला माझ्याकडे दोन गोष्टी आहेत.

पहिली झोपेची. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही, बारीकशा आवाजालाही तो लवकर जागा होतो. तुम्हाला परक्या घरात झोप लागत नाही याला नखरे म्हणायचं कारण नाही. पण याचा अर्थ असाही होतो की रोज नव्या घरी मुक्काम म्हणजे रोजच पहिली रात्र. आणि अशा झोपेवर दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची. ताशी नव्वद किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला पंचवीस मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर शंभर मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. तेव्हा एका ठिकाणी किमान दोन-तीन रात्री लॉज घ्या, तिथून आजूबाजूच्या घरी जाऊन या. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा. मध्यरात्रीनंतर आणि दुपारी दोन ते चारच्या सुमाराला झोप सगळ्यांनाच घेरते. म्हणून कुणाच्या आग्रहाखातर पोटभर जेवून लगेच स्टिअरिंगवर बसू नका. उलट, एखाद्या घरी दुपारी कुणी झोपत नसेल तर भेटच त्या वेळेला ठरवा. झोपेची वेळ गप्पांत निघून जाईल. रात्री उशिरा "आता एवढ्या रात्री कुठे जाता?" असं कुणी म्हणालं आणि खरंच थकवा असेल, तर तेवढं मात्र ऐका.

दुसरी गोष्ट, ह्यांना एकच प्रश्न विचारा: "त्या घरात अंथरुणं कोण घालणार?" तुमचे पती "आपली माणसं" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचा मित्र असतो. सकाळी लवकर उठून बाथरूम मोकळं करून देणारी, आपला नाश्ता उभ्याने उरकणारी, तुम्ही गेल्यावर चादरी धुणारी व्यक्ती बहुतेक वेळा तो मित्र नसतोच. त्या व्यक्तीशी तुमची ओळख किती? तिने कधी बोलावलंय? एका रात्रीच्या मुक्कामालाही चादरी तेवढ्याच धुवाव्या लागतात.

तरीही एक-दोन घरं अशी असतील जिथे राहिला नाहीत तर खरंच राग येईल. ती ओळखायची खूण सांगते. तोंडदेखल्या आमंत्रणाला तारीख नसते: "कधीही या, घर तुमचंच आहे." खऱ्या आमंत्रणात अडचणींसकट तपशील असतो: "गुरुवारी या, शुक्रवारी मी बाहेरगावी आहे, आणि वरची खोली देईन, तिचा पंखा आवाज करतो." असं कुणी म्हणालं तर खुशाल राहा. पण आधी जिना किती पायऱ्यांचा आहे आणि खोलीपासून स्वच्छतागृह किती लांब, ते स्पष्ट विचारा. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाने हे विचारण्यात लाज कसली? अंधारात अनोळखी घरात ठेचकाळून पडलात तर यजमानांचीच रात्र दवाखान्यात जाईल. छोटी बॅटरी उशाशी ठेवा. आणि दोन रात्री राहणार असाल तर मधल्या दिवशी चार-पाच तास घराबाहेर पडा, पाहण्यासारखं काही असो वा नसो. यजमानांना स्वतःच्याच घरात पाय पसरायला तेवढा वेळ हवा असतो.

मावसबहीण. प्रवासाच्या मध्ये, गाडी दारात उभी करून, भांडण मिटवायला जाऊ नका. अशी बोलणी लांबतात, मध्येच रडू येतं, आणि नेमका तेव्हा कुणीतरी हॉर्न वाजवतं. निघण्यापूर्वी घरून एक फोन करा. झालेल्या गोष्टीबद्दल नव्हे, नुसता ख्यालीखुशालीचा. तिचा आवाज सैल वाटला तर म्हणा, "तिकडून जाणार आहे, तुला आवडेल का भेटायला?" तिने टाळलं तर टाळू द्या. आणि भेटलात तर बिनसलेल्या विषयाला तिने हात घातल्याशिवाय तुम्ही घालू नका. मुलीच्या सासरचं तर मुलीला विचारा. ती म्हणेल जा तर जा, ती म्हणेल नको तर कारणही विचारू नका. त्या घरात रोज तिला वावरायचंय.

एका गोष्टीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इतकी घरं एका फेरीत करणाऱ्यांचं हटकून इथेच चुकतं. घरामागून घर फिरताना बोलायला विषय हवा असतो आणि सर्वांत हाताशी असलेला विषय म्हणजे कालचं घर. "काल त्यांच्याकडे होतो, मुलाचं काही खरं दिसत नाही हो." झालं. तुम्ही पुढच्या गावाला पोहोचायच्या आत ते वाक्य फोनवरून परत तिथे पोहोचलेलं असतं, थोडं फुगून. तुमच्या यादीतले सात सहकारी एकमेकांना ओळखतात, नातेवाईक तर ओळखतातच. दोघांनी गाडीतच ठरवून टाका: आजारपण, पैसा, मुलांची लग्नं आणि नोकऱ्या, यांतलं काहीही एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचं नाही. विचारलंच तर "बरे आहेत, तुमची आठवण काढत होते" एवढ्यावर भागतं. ज्याचं गुपित त्याला सांगायचं असेल तर तो फोन करेल.

भेटवस्तू काय न्यावी यावर फार डोकं शिणवू नका. लहान, न टिकवावी लागणारी, कुठे मांडून ठेवायची सक्ती नसलेली. डिकी मात्र निघताना पूर्ण भरू नका, कारण निम्म्या घरांतून तुमच्या हातात काहीतरी ठेवलं जाणार आहे. औषधांची पिशवी गाडीत ठेवून कुणाच्या घरात जाऊ नका. उन्हात उभी गाडी आतून भराभर तापते आणि बरीच औषधं तेवढी उष्णता सोसत नाहीत. ती पिशवी तुमच्या खांद्यावर.

राहता राहिले फोटो. ते परत आल्यावर टाका. एक तर प्रवासात असताना टाकले की घर रिकामं आहे हे सगळ्या जगाला कळतं. दुसरं, वाटेत टाकले की "अरे, इथवर आलात, आमच्याकडे या की!" असे फोन सुरू होतात आणि तुम्ही एवढ्या कष्टाने छाटलेली यादी पुन्हा सतरावर जाते. लपवायचं मात्र काही नाही. ज्यांच्याकडे गेला नाहीत त्यांनी विचारलं तर "वेळच मिळाला नाही" म्हणू नका. फोटोत तुम्ही तलावाकाठी चार तास बसलेले दिसता आहात. "या खेपेला थोड्याच घरी जायचं ठरवलं होतं, तुमच्याकडे निवांत यायचंय" असं सांगा, आणि तसं मनात नसेल तर दुसरा भाग गाळा. एखादा रुसेल. तुम्ही सतरा घरी गेला असतात तरी अठराव्या घरात कुणीतरी रुसलंच असतं.

परतीच्या वाटेवरचे शेवटचे दोन-तीन दिवस आधीपासून कुणालाही देऊ नका. ज्यांना जाताना जमलं नाही त्यांच्यासाठी ते राखीव. आणि कुणीच बोलावलं नाही, तर ह्यांना म्हणावं, आता आपण दोघंच कुठेतरी थांबू.